मांडीवर मावेल एवढी पिशवी

सोयाबीन निघालं की आमच्याकडं रस्ता अर्धाच उरतो. उरलेल्या अर्ध्यावर पीक वाळत घातलेलं असतं. त्याच्या कडेनं दगडांची रांग, आणि त्या रांगेच्या टोकाला डोक्यावर टॉवेल टाकून राखणीला बसलेलं कुणीतरी. शेताशेतात मळणीयंत्रं धडधडत असतात. भुसकटाची पिवळट धूळ हवेत अशी तरंगत राहते की अहमदपूर ते चाकूर गाडी चालवली तर भुवयांचा रंग बदलतो. काच लावली तर उकडतं, उघडली तर डोळे चुरचुरतात. मी काच उघडीच ठेवतो. त्या धुळीला एक कोरडा, भाजल्या फुटाण्यासारखा वास असतो. तो आला की माझा पाय आपोआप रेसवरून उठतो, गाडी हळू होते, आणि शेजारच्या रिकाम्या सीटवरून कुणीतरी म्हणेल असं वाटतं, "आराम से. जल्दी न्हाई."

आठ वर्षं झाली. तेव्हा मी तिशीचा होतो. चाकूरला आमचं किराणा दुकान, हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. घर दुकानाच्या मागंच. दोघं भाऊ आणि दुकान एक, त्यातून दोन संसार निघत नव्हते. धाकटा गल्ल्यावर बसायचा, मी माल आणायला टेम्पोतून लातूरला जायचो, आणि खरं सांगायचं तर मला तो टेम्पोच आवडायचा. मोठ्या गाडीचं लायसन काढलं तेव्हा अप्पा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "आपल्या घरात आजवर कुणी ट्रकचं स्टिअरिंग धरलं न्हाई." ते रागानं म्हणाले की नुसतंच म्हणाले, हे मी विचारलं नाही. आमच्यात विचारायची पद्धतच नव्हती. अप्पा गप्प बसले की त्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझा मी लावायचो, आणि तो नेहमी वाईटच लावायचो.

लायसन मिळालं म्हणजे ड्रायव्हर झाला असं नसतं. दसरा ते मार्गशीर्ष, दोन महिने जुन्या ड्रायव्हरबरोबर फिरायचं, हात बसवायचा, असं ठरलं. ज्यांच्याबरोबर जायचं ते सुदाम उस्ताद. नायगावजवळच्या एका खेड्यातले, वय पंचावन्नच्या पुढं. फोनवर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "सामान किती आणतोस?"

"एक बॅग अन् एक वळकटी," मी म्हणालो.

"वळकटी ठेव घरी. एकच पिशवी आण. मांडीवर मावंल एवढी. गाडी मालासाठी हाय, बिऱ्हाडासाठी न्हाई."

मग घरात पिशवी भरण्याचा कार्यक्रम झाला. महानंदा, माझी बायको, एकेक वस्तू आत घालायची आणि मी काढायचो. उशी काढली. लोणच्याची बरणी काढली. आईनं शिवलेली वाकळ काढली तेव्हा आईचं तोंड उतरलं. स्वेटर काढला, कारण तेव्हा ऑक्टोबरचं ऊन होतं आणि थंडी ही गोष्ट जगात असते हेच आठवत नव्हतं. शेवटी राहिलं ते दोन शर्ट, एक लुंगी, टॉवेल, पातळ चादर, दाढीचं सामान, चार्जर आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लायसन. महानंदा म्हणाली, "तुम्ही तर दोन दिवसासाठी चालल्यासारखं चाललात." मला त्याचा अभिमान वाटला. हलका माणूस निघालाय असं वाटलं.

नांदेडला माल भरायच्या जागेवर उस्तादांनी ती पिशवी गाडीच्या पायरीवर उघडून बघितली. उंच, काळेसावळे, पांढऱ्या मिशा बारीक कातरलेल्या. त्यांनी माझी जादा चप्पल बाहेर काढली. "चप्पल घालून गाडी चालवायची न्हाई. सुटली अन् ब्रेकखाली गेली तर?" मग सेंटची बाटली काढली. हसले. "कुणाला भेटायचंय?" शेवटी माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या चौकटीकडं त्यांचं लक्ष गेलं. मी उगाच हात तिकडं नेला.

"ते राहू दे," ते म्हणाले. "ते काय सामान हाय का?"

त्यांच्या केबिनमध्ये काचेपाशी पांढऱ्या बुद्धाची लहानशी मूर्ती होती, रस्त्याकडं तोंड केलेली. मी ती पाहिली आणि मला जे कळायचं ते कळलं. म्हणजे त्यांचं घर कुठलं, वस्ती कुठली. आमच्याकडं माणसाचं नाव-गाव कळायच्या आधी हे कळतं. मला वाटलं होतं, मला अशा गोष्टींनी काही फरक पडत नाही. कॉलेजात मी तसं बोलायचोही.

त्या दोन महिन्यांतलं काय काय सांगू? सकाळी गाडी सुरू करण्याआधी लोखंडी गजानं एकेक चाक ठोकून बघायचं, आणि आवाजावरून हवा ओळखायची. ताडपत्रीची दोरी ओढताना पाठ न वापरता पायानं जोर लावायचा. लोहा गावाच्या पुढच्या चढाला गिअर आधीच बदलायचा, गाडी दमल्यावर नाही. रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवरून चाक गेलं तर चालेल का, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा ते म्हणाले, "सोयाबीनवर गाडी घसरती, हे एक. अन् दुसरं, ती बाई सकाळपासून उन्हात बसून राहिली, तिच्याकडं बघ." मी बघितलं. त्यानंतर मी कधीच कुणाच्या वाळवणावर चाक घातलं नाही.

ते चिडत नसत. मी एकदा नायगावच्या वळणावर गाडी इतकी कडेला घेतली की बाभळीच्या फांदीनं आरसा मोडला. वाटलं, आता उतरवतील. त्यांनी आरशाचे तुकडे वेचले, कागदात बांधले, आणि म्हणाले, "आता मागचं दिसत न्हाई. तवा पुढचं नीट बघ." लातूरपर्यंत मीच चालवत राहिलो.

एक सवय मात्र मला चमत्कारिक वाटायची. दुसऱ्याचं सामान एवढं कमी करणारा हा माणूस स्वतःच्या पिशवीत एक स्टीलचं ताट आणि पेला कायम बाळगायचा. हॉटेलावर उतरला की पेला हातात. चहासुद्धा त्यातच ओतून घ्यायचा. मी विचारलं तर म्हणाले, "सवय हाय." मला वाटलं, स्वच्छतेची असेल.

दिवाळीच्या आधी नायगावकडं माल भरायला गेलो तेव्हा ते मला त्यांच्या घरी घेऊन गेले. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, अंगणात शेवगा. त्यांची बायको प्रयागबाई, मी त्यांना मावशी म्हणायचो. उस्तादांनी आधीच फोन करून सांगितलं होतं की पाहुणा माळवं, म्हणजे भाजीपालाच खाणारा आहे, त्या दिवशी घरात दुसरं काही शिजवायचं नाही. मावशींनी चुलीवरची ज्वारीची भाकर, पालेभाजी आणि शेंगदाण्याचं कूट घातलेलं दोडकं केलं होतं. "भांडी सगळी घासून घेतलीत बघा, बाबा," त्या मला म्हणाल्या. त्या हे का सांगतायत ते मला कळलं. 'असं काय बोलता' असं मी म्हणायला हवं होतं. मी नुसती मान हलवली. जेवलो मात्र पोटभर. उस्ताद माझ्या शेजारी बसून सावकाश जेवत होते, घास घास मोजल्यासारखे, आणि माझ्या ताटातली भाकर संपायच्या आत दुसरी आणायला सांगत होते.

आणि मग तो चाकूरचा दिवस.

कार्तिक संपत आला होता. पहाटे केबिनमध्ये हात आखडायचे. मी पातळ चादरीत कुडकुडायचो आणि बोलायचो नाही. उस्तादांनीच विषय काढला. नायगावहून सोयाबीन भरून आम्ही लातूरला निघालो होतो. अकरा-साडेअकराचं ऊन, रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुरीला पिवळी फुलं आलेली. ते म्हणाले, "चाकूर वाटेवरच हाय. स्वेटर घेऊन ये घरून. मीबी येतो, अप्पांना रामराम करतो. घोटभर चहा घेऊ अन् निघू."

लहानपणी दुकानामागच्या कोनाड्यात मी एक कान तुटलेली कपबशी पाहिली होती. ती कुणासाठी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी माहीत होतं. ती डोळ्यांपुढं आली. अप्पा काय म्हणतील? आई कशात चहा देईल? गल्लीतले कुणी बघतील? हे सगळं एका क्षणात झालं आणि तोंडातून खोटं निघून गेलं.

"घरी कुणी न्हाई, उस्ताद. सगळे उदगीरला लग्नाला गेलेत. शेजारी किल्ली हाय, मी पटकन जाऊन येतो."

"बरं," ते म्हणाले. "जा."

मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली. दुकानात अप्पा बसले होते. त्यांनी मान उंचावून गाडीकडं बघितलं, "उस्ताद कुठं हायेत?" म्हणाले.

"गाडीतच. घाई हाय त्यांना. लातूरला नंबर लागायचाय."

मी आत गेलो, ट्रंकेतून स्वेटर काढला. आई स्वयंपाकघरातून "थांब रे, थांब जरा" म्हणत होती. मी थांबलो नाही. गाडीत चढलो, चावी फिरवली, आणि तेवढ्यात महानंदा धावत आली. पदर सुटलेला, हाताला कणीक, आणि हातात चार पुडांचा डबा. "अहो! आईंनी दिलाय. न खाता कसे चाललात?"

मी डबा घेतला. तिच्याकडं बघितलं नाही, उस्तादांकडंही नाही. उस्तादांनी मात्र दोन्ही हात जोडले. "नमस्कार, ताई."

"नमस्कार," महानंदा म्हणाली. ती काहीतरी आणखी बोलणार होती. मी क्लच सोडला.

ते काय म्हणतील याची मी वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चाकूर मागं पडलं, एक ओढा गेला, मळणीयंत्राच्या धुळीचा एक लोट काचेवरून गेला. मग ते म्हणाले, "आरसा बघ. मागून बस येऊन राहिली."

तेवढंच. लातूरपर्यंत ते रस्त्याबद्दलच बोलले.

लातूरला तेलमिलच्या दारात गाड्यांची रांग होती. लिंबाच्या सावलीत पोतं अंथरून आम्ही डबा उघडला. पोळ्यांची चळत, भरलं वांगं, दही, चटणी. एका माणसाचं जेवण नव्हतं ते. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, की मीच पडू दिला नाही, कुणास ठाऊक. उस्तादांनी स्वतःचं ताट काढलं, जेवले, पेल्यातून पाणी प्यायले. "आईला सांग, चटणी लई झ्याक झालती," म्हणाले. मग माझ्या आधी उठून नळावर गेले आणि आमचा डबा घासून, पुसून माझ्या हातात दिला. ते ताट आणि तो पेला ते जन्मभर कशासाठी वाहतायत, हे मला त्या नळापाशी कळलं. कुणाच्या दाराशी ओंजळ धरून वरून ओतलेलं पाणी प्यायची, की वेगळ्या ठेवलेल्या कपात चहा घ्यायची वेळ त्यांना स्वतःवर येऊ द्यायची नव्हती. आणि ते कळूनही मी "द्या, मी घासतो" असं म्हणालो नाही. डबा धरून उभा राहिलो.

शेवटच्या दिवशी नांदेडला त्यांनी माझी पाठ थोपटली. "हात बसला तुझा. आता जा." मी म्हणालो, "उस्ताद, त्या दिवशी चाकूरला..." त्यांनी मधेच थांबवलं. "त्या दिवशी तू चढाला गिअर बरोबर टाकलास. ध्यानात ठेव." आणि वळून दोरी आवळायला लागले. मला सुटल्यासारखं वाटलं. आज त्या सुटकेचीच लाज वाटते. आणखी एकदा बोलायला हवं होतं. ते थांबवत होते ते माझ्यासाठी. मी थांबलो तोही माझ्यासाठीच.

नंतर मला माझी गाडी मिळाली. रस्ते लांबले. सणाला फोन व्हायचे. ते विचारायचे, "हवा बघतोस का?" मी म्हणायचो, "हाव." 'एकदा घरी या' हे वाक्य दरवेळी ओठावर यायचं. पण ते म्हटलं की आधीचं सगळं सांगावं लागणार होतं. मग मी पुढच्या सणावर ढकलायचो. असे सहा हंगाम गेले. दोन वर्षांपूर्वी फोन आला तेव्हा मी नागपूरच्या पुढं होतो. उस्तादांच्या छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत गेले. मी गाडी कडेला घेतली, अर्धा तास बसलो, आणि पुन्हा चालवायला लागलो. माती द्यायला पोचलो नसतोच. पण नंतर तरी? नायगाव काही परदेशात नाही. त्या दोन वर्षांत मी त्या फाट्यावरून किती वेळा गेलो असेन, आणि दरवेळी भरल्या गाडीचं कारण सांगून सरळ निघून गेलो. कुणाला सांगत होतो कारण? केबिनमध्ये कुणी नव्हतं.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घरी होतो. गाडी दुकानासमोर उभी. अप्पा आता थकलेत, दुकानात बसत नाहीत, बाकावर ऊन खात बसतात. गाडीकडं बघत ते एकदम म्हणाले, "तुझे ते उस्ताद कसे हायेत? त्या वर्षी दारात आले अन् घरात न येताच गेले."

"वारले, अप्पा. दोन वर्षं झाली."

अप्पांनी मान माझ्याकडं वळवली. "मला सांगितलं न्हाईस."

मी गाडीच्या चाकाकडं बघत राहिलो.

"गाडी लागलेली बघितली तवा मी आत सांगितलं होतं, दोघांची पानं घ्या म्हणून. पाट मांडले होते तुझ्या आईनं. पोरगं उस्तादाला घेऊन येईल, असं वाटलं. तू म्हणालास, घाई हाय."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर सोयाबीनची पोती घेऊन गेला. त्याचा आवाज संपेपर्यंत मला वेळ मिळाला. मग मी सगळं सांगितलं. उदगीरचं लग्न, डबा, लिंबाखाली त्यांचं सावकाश जेवणं, नळ. कपबशीचंही सांगितलं.

अप्पा हातातल्या काठीनं जमीन टोकरत राहिले. "ती माझ्या बापाची होती," ते म्हणाले. "तो गेला त्या साली मी फेकून दिली. पण फेकली हे कुणाला बोललो न्हाई. तुलाबी न्हाई. ही माझी चूक." मग काठी बाकाला टेकवून, "पण तू इचारायचं होतंस, मन्मथ. मला काय वाटंल हे तुझं तूच ठरवलंस."

मी आठ वर्षं अप्पांना दोष देत होतो. मनातल्या मनात, पण देत होतो. आमचे म्हातारे असे आहेत, नाहीतर मी आणलं असतं, असं. त्या दिवशी ते कारणही हातातून गेलं. दार अप्पांनी लावलं नव्हतं. मीच लावलं होतं, आणि त्यावर त्यांचं नाव लिहिलं होतं.

"उद्या रिकामी हाय का गाडी?" अप्पांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा माझ्या गाडीत पहिल्यांदा चढले. पायरी उंच, मी आणि धाकट्यानं मिळून चढवलं. नायगावपर्यंत ते खिडकीतून वाळवणं बघत होते. एका ठिकाणी मी गाडी अगदी हळू करून कडेनं काढली, तेव्हा म्हणाले, "चांगलं शिकवलंय तुला."

मावशी अंगणात शेंगा फोडत होत्या. मला त्यांनी लगेच ओळखलं. मी पायावर डोकं ठेवलं, तर त्या रडल्या आणि मग पदरानं तोंड पुसून, दोन वर्षं कुठं होतास असं काही न विचारता, अप्पांकडं वळल्या.

"तुम्ही याचे वडील? बरं झालं आलात. तुमचं लई सांगायचे ते."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. अप्पांनी आणि उस्तादांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं.

"चाकूरला पोराच्या घरी गेलतो, म्हणायचे," मावशी सांगत होत्या. "याच्या बापानं स्वतः पाय धुवायला पाणी दिलं, पाटावर बसवलं, शेजारी बसून जेवले माझ्या. आईनं आग्रह करकरून वाढलं. चटणीचं तर किती कौतुक. घरी कुणी आलं की सांगायचे, माझा शागीर्द बघा कसल्या घरचा हाय."

त्या लिंबाखालच्या डब्यातून उस्तादांनी अख्खं घर उभं केलं होतं. तसं का केलं, ते मला विचारता येणार नव्हतं. माझी लाज राखली, की स्वतःची, की बायकोला वाईट वाटू नये म्हणून. आता खरं सांगावं असं मला वाटलं. मी तोंड उघडलं.

त्याआधी अप्पा बोलले. आयुष्यभर दुकानात बसून ज्यांनी गिऱ्हाइकाला कधी खोटं वजन दिलं नाही, ते अप्पा.

"हाव बाई," ते म्हणाले. "आले होते आमच्याकडं. लई सावकाश जेवले."

मावशींचा चेहरा उजळला. "हाव! सावकाशच जेवायचे ते. घास घास."

मग त्यांनी आम्हाला उठू दिलं नाही. भाकरी थापल्या, दोडक्याची भाजी केली. अप्पा भिंतीला टेकून मांडी घालून बसले. भाकर मोडली, खाल्ली, आणि आणखी एक मागून घेतली. मला मात्र दुसरा घास उतरेना. मावशींना वाटलं, भाजी तिखट झाली असेल. त्यांनी वाकून माझ्या ताटात दही वाढलं.